पिल्लू पसंत करण्याआधी त्याची आई बघा

देवास किंवा धारमधल्या घरात कुत्रा पाळायचं ठरलं, की बहुधा पहिला फोन इंदूरला जातो. तिकडून व्हॉट्सॲपवर फोटो येतात. लाल गादीवर बसवलेलं गुबगुबीत पिल्लू, आणि त्याच्यासोबत ठरलेली वाक्यं: ‘पूरे पैंतालीस दिन का है’, ‘डबल बोन है’, ‘एक टीका लग चुका है’. पैसे पाठवले की दुसऱ्या दिवशी बसपाशी जाऊन भोकं पाडलेला खोका ताब्यात घ्यायचा. या व्यवहारात दोन गोष्टी कुणीच पाहिलेल्या नसतात. पिल्लू जन्मलं ती जागा, आणि त्याची आई. पुढे त्या कुत्र्याच्या तब्येतीचं आणि स्वभावाचं जे होतं, त्यातलं पुष्कळसं या दोन गोष्टींनी आधीच ठरवलेलं असतं.

आधी त्या पंचेचाळीस दिवसांविषयी. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये नियम केले आहेत. त्यांनुसार आठ आठवडे पूर्ण न झालेलं पिल्लू विकताच येत नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. म्हणजे विकणारा जे वय अभिमानाने सांगतो, तेच नियमाबाहेरचं आहे. प्रत्यक्षात पिल्लू अनेकदा त्याहूनही लहान असतं, कारण लहान पिल्लू चटकन खपतं आणि लवकर गेलं की त्याच्या खाण्याचा खर्च वाचतो. वयाचा अंदाज घ्यायचा असेल तर पिल्लाचा ओठ हलकेच वर करून दात पाहा. दुधाचे दात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास यायला लागतात. सुळे आणि पुढचे दात आधी येतात, दाढा नंतर. आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडात साधारण सगळे अठ्ठावीस दात आलेले असतात आणि बोटाला चांगलेच टोचतात. मागे नुसती गुलाबी हिरडी लागली, किंवा हिरडीतून जेमतेम पांढरं टोक वर आलेलं दिसलं, तर ते पिल्लू आईजवळ असायला हवं होतं. छोट्या जातींमध्ये थोडं मागेपुढे होतं, म्हणून शंका आली तर डॉक्टरांना विचारा.

आठ आठवड्यांचा हा आग्रह केवळ दुधासाठी नाही. भावंडांशी मस्ती करताना पिल्लू जोरात चावतं, तेव्हा समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो. आईला जास्त त्रास दिला तर आई गुरगुरते, बाजूला होते. आपल्या दातांना किती जोर आहे आणि तो कुठे आवरायचा, हे कुत्रा इथे शिकतो. महिन्याभराचं असताना आईपासून तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो, आणि मग घरातल्या लहान मुलांच्या हातावर ओरखडे दिसायला लागले की आपण म्हणतो, पिल्लू रागीट निघालं.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. या दिवसांत जे दिसतं, ऐकू येतं, हाताळलं जातं, ते त्याला आपलं वाटतं. जे कधीच भेटलं नाही, त्याची पुढे भीती बसते. अमेरिकेतल्या मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्याच प्रयोगशाळेतला 1961 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आजही सांगितला जातो. पिल्लांना कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत माणसांपासून दूर वाढवलं होतं. काहींना ठरावीक वयात आठवडाभर माणसाचा सहवास दिला, काहींना चौदा आठवडे होईपर्यंत अजिबात दिला नाही. त्या शेवटच्या पिल्लांना खायला-प्यायला होतं, जागा होती, आई आणि भावंडंही होती. तरी ती माणसाला पाहून रानटी जनावरासारखी पळत, आणि नंतर कितीही प्रयत्न केले तरी पुरती माणसाळली नाहीत.

आता पैशासाठी सतत वीण काढणाऱ्या ठिकाणी काय होतं याची कल्पना करा. एकावर एक ठेवलेले पिंजरे, खाली जाळी, दिवसातून एकदा येऊन खाणं टाकणारा हात. मिक्सरचा आवाज नाही, मुलांची पळापळ नाही, गवत नाही, ऊन नाही. नेमके तेच आठवडे तिथे निघून जातात. असं पिल्लू आपल्या घरी आलं की कुकरच्या शिट्टीने पलंगाखाली शिरतं आणि पाहुण्यांवर भुंकत मागे मागे सरकतं. घरात घाण करण्याची सवय हीदेखील तिथलीच. निरोगी वातावरणात वाढलेलं पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शी-शू करायला लागतं. ज्याला दूर जायला जागाच मिळाली नाही, ते घाणीत झोपायला शिकतं. मारून ही सवय सुटत नाही, उलट माणसापासून लपून घाण करण्याची नवी सवय लागते.

आईची अवस्था याहून वाईट. फ्रँक मॅकमिलन या अमेरिकी पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्यापारी पैदाशीतून सुटलेल्या हजाराहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या नव्या मालकांकडून गोळा केली आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केली. नेहमीच्या पाळीव कुत्र्यांपेक्षा या कुत्र्यांमध्ये अनोळखी माणसाची, जिन्याची, साध्या आवाजाची भीती कितीतरी जास्त होती. गोल गोल फिरणं, एकटक भिंतीकडे बघत राहणं असे प्रकारही जास्त होते. त्यांतली बरीचशी कुत्री नव्या घरात वर्षानुवर्षं राहिलेली होती.

आमच्या ओळखीच्या एका घरी अशी एक लॅब्रेडॉर आली होती. वय पाच-सहा वर्षं, विणी थांबल्यामुळे विकणाऱ्याला नकोशी झालेली. सड लोंबलेले, कोपरांवर टक्कल पडून कातडी जाड झालेली, नखं इतकी वाढलेली की पंजे बाहेरच्या बाजूला फाकलेले. तिला दाराचा उंबरठा ओलांडता येत नव्हता. पाय उचलायची, हवेत धरायची आणि परत मागे ठेवायची. अंगणातल्या मातीवर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा चारही पाय आळीपाळीने झटकत होती. घरातल्या आजींनी तिला बोलवायचं सोडून दिलं. रोज दुपारी त्या तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसत, तांदूळ निवडत आणि मधूनच भाकरीचा तुकडा मागे सरकवत. पावसाळा संपता संपता ती आपण होऊन त्यांच्या पाठीला टेकून बसायला लागली. अशा कुत्र्याला जवळ करायची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. समोरून जाऊ नये, डोळ्यांत डोळे घालू नयेत, डोक्यावरून हात नेऊ नये, आणि जवळ यायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्यावं.

तब्येतीच्या बाबतीत सगळ्यात आधी पार्व्होची धास्ती घ्या. 1978 च्या सुमारास हा विषाणू जगाच्या नजरेत आला आणि तेव्हापासून पिल्लांचा तो मोठा शत्रू आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे पिल्लू विकणाऱ्याकडून उड्या मारत निघतं आणि आपल्या घरी चौथ्या दिवशी खाणं सोडतं, उलट्या करतं, मग रक्ताची, विशिष्ट घाण वासाची संडास सुरू होते. फोन केला की उत्तर तयार असतं: ‘हमारे यहाँ तो एकदम ठीक था, आपने दूध पिला दिया होगा’. हे मनावर घेऊ नका आणि त्याने सांगितलेलं औषधही देऊ नका. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला डॉक्टरांकडे जा. सलाइन आणि योग्य उपचार वेळेवर मिळाले तर बरीच पिल्लं वाचतात, घरगुती काढ्यांवर ठेवलेली बहुतेक दगावतात. पिल्लू गेलं किंवा बरं झालं, तरी विषाणू त्या जागी महिनोन्‌महिने तग धरतो. फिनाइलवर विसंबू नका. आधी जागा धुऊन घ्या, मग घरगुती ब्लीच तीस पट पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंगण मातीचं असेल तर लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू तिथे वर्षभर आणू नये.

‘एक टीका’ हे आश्वासन इथेच फसवं ठरतं. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण काही आठवडे लसीचं कामही अडवतं, आणि ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरुवात करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत लस द्यावी लागते. लसीच्या बाटलीवरचा स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही कार्डावर नसेल तर लस दिलीच नाही असं धरून चाला. डिस्टेंपर या रोगापासूनचं संरक्षणही याच लसीत येतं. नाकाडोळ्यांतून पू, खोकला, आणि नंतर झोपेतसुद्धा एखादा पाय किंवा जबडा ठेक्यात उडत राहणं ही त्याची लक्षणं. जंत तर आईच्या पोटातूनच येतात. पोट नगाऱ्यासारखं आणि फासळ्या दिसतायत, असं पिल्लू गुबगुबीत नसतं, जंतांनी भरलेलं असतं.

माळव्यात गोचिडांचा उपद्रव मोठा. त्यांच्यामुळे होणाऱ्या तापात हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, नाकातून रक्त येऊ शकतं. गाई-म्हशींवर मारायचं गोचिडाचं औषध अंदाजाने पाण्यात घालून पिल्लाला लावण्याची पद्धत गावागावांत आहे. ते कृपा करून करू नका, त्याने पिल्लं मेलेली आहेत. माणसाची तापाची गोळीही नको. आणि पिल्लू खेळता खेळता चावलं, दात लागून रक्त आलं, तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणून सोडू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि जिल्हा रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. पिल्लांनाही रेबीज होतो, आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला रेबीजची लस बहुधा दिलेलीच नसते.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग करायचं काय? उत्तर सोपं आहे, फक्त थोडी पायपीट हवी. पिल्लू जिथे जन्मलं तिथे स्वतः जा. इंग्लंडमध्ये 2020 पासून ल्युसीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा लागू आहे. वेल्समधल्या अशाच एका पैदास केंद्रातून 2013 मध्ये सोडवलेल्या ल्युसी नावाच्या स्पॅनियल कुत्रीवरून त्याला ते नाव पडलं. त्या कायद्यामुळे तिथे सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दलाल आणि दुकानदारांना विकता येत नाही, घेणाऱ्याने पिल्लू त्याच्या आईसोबत बघावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे असा कायदा नसला तरी हा नियम आपण आपल्यापुरता पाळू शकतो. आई बघायला मागा. ‘माँ गाँव में है’, ‘बाहर वाले को देखकर काटती है’, ‘आप स्टैंड पर आ जाओ, वहीं दे देंगे’ यांपैकी काहीही ऐकू आलं तर रिकाम्या हाताने परत या.

आई दिसली तर तिच्याकडे सावकाश बघा. आपल्याला पाहून ती कोपऱ्यात चिकटते, की वास घ्यायला पुढे येते? पिल्लांना दूध पाजताना आई बारीक होते, ते साहजिक आहे, पण खरूज, डोळ्यांतला चिकटा, मोडलेले दात साहजिक नाहीत. तिचं वय विचारा, आधीच्या विणी विचारा. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर तिची वीण काढता येत नाही, बारा महिन्यांत एकाहून जास्त वीण नाही, आणि आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. तिचं प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, कागद म्हणजे वंशावळ, त्यांचा या नोंदणीशी संबंध नाही, आणि कागद असले म्हणून पिल्लू निरोगी ठरत नाही. जातीचाही विचार करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. त्यात पगला श्वासही धड घेता येत नाही आणि हस्कीला अंगावरची लोकर काढून ठेवता येत नाही.

पिंजऱ्यातलं मरतुकडं पिल्लू बघून पोटात कालवतं आणि ‘निदान हे एक तरी वाचवू’ म्हणून माणूस पैसे काढतो. या इच्छेबद्दल मला आदरच आहे, पण त्या पैशांनीच पुढची वीण निघते. त्यापेक्षा तारीख दिसेल असे फोटो काढा आणि लेखी तक्रार पशुपालन खात्याच्या जिल्हा उपसंचालकांकडे आणि पोलिसांकडे द्या. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड अजून दहा ते पन्नास रुपयेच आहे, हे खेदाचं आहे. पण प्राण्याला मारून टाकणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रारीत हे कलम लागू होतं का, ते विचारा. आजारी जनावरासाठी मध्य प्रदेशात 1962 या क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं. अवघड दुखणं असेल तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय देवास आणि धार या दोन्ही गावांना फार लांब नाही.

पिल्लू घरी आलं की पहिल्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा आणि दोन आठवडे दुसऱ्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. पण वेगळं म्हणजे खोलीत कोंडून नव्हे. त्याचे शिकायचे दिवस भराभर सरत असतात. लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही, कडेवर घेऊन मात्र जरूर हिंडवायचं. भाजीबाजार, ए. बी. रोडवरचे ट्रक, टेकरीवर चाललेली माणसं, ढोल, टोपी घातलेले, काठी टेकणारे, बुरखा घेतलेले, शाळेच्या गणवेशातले. लांबून, थोडा वेळ, आणि प्रत्येक वेळी तोंडात काहीतरी आवडतं. थरथरायला लागलं, जांभया देऊ लागलं, मान वळवून घेतली, की आणखी लांब जायचं. दिवाळीपूर्वी फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून रोज थोडा थोडा वाढवला तर ऐन सणात ते बिचारं स्नानघरात लपून बसत नाही. शी-शूसाठी दर दोन तासांनी, खाल्ल्यावर आणि झोपून उठल्यावर एकाच जागी न्या, झाल्याबरोबर शाबासकी द्या. पिंजऱ्यातून आलेल्या पिल्लाला हे शिकायला दुप्पट वेळ लागतो, तेवढा द्यावा.

निवारागृहातून कुत्रा आणणं हा मला अधिक चांगला मार्ग वाटतो. पण निवारागृहाचाही प्राण्यावर परिणाम होतो, तो समजून घ्यायला हवा. ओहायो राज्यात मायकेल हेनेसी या संशोधकाने निवारागृहातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं. तिथल्या पहिल्या तीन दिवसांत ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, घरच्या कुत्र्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. भरलेल्या निवारागृहात भुंकण्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि कुत्र्याचे कान आपल्याहून तीक्ष्ण. अशा जागी दोन दिवसांपूर्वी आलेला कुत्रा जाळीवर उड्या मारतो किंवा भिंतीकडे तोंड करून पडतो, आणि त्यावरून आपण त्याचा स्वभाव ठरवून मोकळे होतो. एकदा बघून निर्णय घेऊ नका. दोन-तीनदा जा, त्याला जाळीबाहेर, शांत जागी नेऊन बघा. किती दिवसांपासून आहे, कुठून आला, खोकला आहे का, नसबंदी आणि लशी कधी झाल्या, हे विचारा. महिनोन्‌महिने राहिलेला असेल तर एकच फेरी मारत राहणं, पंजा चाटून जखम करणं अशा सवयी लागलेल्या असू शकतात. घरी आल्यावर त्यांतल्या पुष्कळशा कमी होतात, सगळ्या जातातच असं नाही.

पहिले तीन दिवस त्याला नातेवाइकांना दाखवू नका, आंघोळ घालू नका, पट्ट्याशिवाय सोडू नका. बावरलेला कुत्रा फाटक उघडं दिसलं की सुसाट पळतो आणि नव्या गावात त्याला घरचा रस्ता ठाऊक नसतो. तीन आठवड्यांत तो घरचा दिनक्रम ओळखतो, आपला म्हणून वागायला तीन महिने लागू शकतात. हा अनुभवातला ठोकताळा आहे, पण माणसाला धीर धरायला उपयोगी पडतो.

निवारागृह चालवणाऱ्यांसाठी आणि तिथे मदतीला जाणाऱ्या तरुणांसाठी दोन शब्द. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणचे मोकाट कुत्रे हलवून निवारागृहात ठेवायला सांगितलं, त्याच जागी परत सोडायचं नाही असंही बजावलं. म्हणजे लहान शहरांतही निवारागृहांवरचा भार वाढणार. अशा वेळी पैसा नसेल तरी करण्यासारखं बरंच आहे. नव्या कुत्र्याला दोन आठवडे वेगळं ठेवायचं, नाही तर एका खोकल्याने सगळी ओळ आजारी पडते. आजारी कुत्र्यांचं काम शेवटी करायचं, त्यांच्या बादल्या आणि झाडू वेगळे. समोरासमोरच्या जाळ्यांवर खालच्या अर्ध्या भागात पोतं बांधलं तरी भुंकणं कमी होतं, कारण कुत्रे एकमेकांना सतत बघत राहत नाहीत. प्रत्येक पिंजऱ्यात लपायला एक आडोसा हवा. हेनेसीच्याच कामात असं दिसलं की वीस मिनिटं शांतपणे कुणी अंगावरून हात फिरवला तर कुत्र्याचा ताण कमी होतो. पुढच्या एका अभ्यासात एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी राहायला गेलेल्या कुत्र्यांमध्येही तिथे असेपर्यंत कॉर्टिसॉल उतरलेलं आढळलं. कॉलेजच्या पोरांना शनिवार-रविवार एखादा कुत्रा घरी न्यायला सांगणं, एवढं तर आपल्या गावांत जमण्यासारखं आहे.

आणि ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांच्या गल्लीतच पिल्लं असतात. चंपाषष्ठीला खंडोबाच्या कुत्र्याला नैवेद्य देणारी, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे पाहत वाढलेली आपली मराठी घरं या पिल्लांना परकी मानत नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक थंडीच्या सुमारास वितात. पिल्लं दिसल्याबरोबर उचलून आणू नका. आई जवळपास असेल तर तिलाच डाळ-भाकरी, अंडं, पाणी द्या, थंडीसाठी पोतं टाका, आणि पिल्लांना रोज थोडा वेळ हाताळा. जंतांचं औषध डॉक्टरांना विचारून तिथेच देता येतं. आठ आठवडे झाले की मग ज्याच्यावर जीव जडला आहे ते घरी न्या. दूध आटल्यावर त्याच्या आईच्या नसबंदीसाठी नगरपालिकेकडे नाव द्या आणि शस्त्रक्रियेनंतर ती परत त्याच गल्लीत आली ना, हे जाऊन बघा.